चावीचा फोटो

आमचं घर लागलं ना, त्या दिवसाचं सांगतो. थोडा पैसा सरकारचा, थोडा महापालिकेचा, उरलेला आपला, म्हणून दादाने हौसेने अर्ज भरला होता, वहिनीच्या नावावर. ड्रॉमध्ये नाव निघालं, पण त्याआधीच दादा तापाने गेला.

चावी देताना साहेब म्हणाले, "मिस्टरांना बोलवा, फोटो जोडीने काढू."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा ड्यूटीवर आहे."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडेल. पण ती म्हणाली, "हो साहेब, त्यांना सुट्टीच मिळत नाही."

गुजराती फोटोवाला ओरडला, "बेन, बीच में आओ!"

"इथंच ठीक आहे," म्हणाली, आणि हललीच नाही.

फोटोत तिच्या शेजारी दादापुरती जागा आहे.