नाही म्हणणारी बाई

अमेरिकेतल्या टोलिडोत औषधांच्या दुकानात माझ्यापुढे दोघीजणी रांगेत होत्या.

“काय लवॉन वहिनी, त्या ऑनलाइन नोटरीचं काय झालं? परवाना काढलात, नवा कॅमेरा घेतलात, आणि चार महिने नुसत्या माश्या मारताय.”

“मिळालं की पहिलं काम. एका आजींना घर पुतण्याच्या नावावर करायचं होतं. व्हिडिओवर मी विचारलं, स्वखुशीने सही करताय ना? तर उत्तर द्यायच्या आधी त्या दर वेळी डावीकडे बघायच्या.”

“मग?”

“म्हटलं, कॅमेरा जरा खोलीभर फिरवा. कपाटाशी पुतण्या उभा, मान हलवून उत्तरं सांगत. मी तिथेच काम बंद केलं.”

“पहिलंच गिऱ्हाईक घालवलंत? धन्य आहात.”

“दुसऱ्या दिवशी आजींचाच फोन. चर्चच्या ऑफिसातून, एकट्या. पुतण्याला दिलेलं मुखत्यारपत्र रद्द करायचं होतं. व्हिडिओवर दहा मिनिटांत करून दिलं.”

“चला, एक तरी झालं.”

“एक कुठलं? त्या चर्चमधल्या अकरा जणींनी वेळ मागितलीय. म्हणतात, आम्हाला ती नाही म्हणणारी बाईच हवी.”

“अगं बाई. मग माझाही एक कागद होता, वहिनी.”

“नाही, ग्लेंडा. नात्यातल्यांचं मी करत नाही.”