बाहेर उणे सहा, घरात चौदा

मुरलीधर : ...तर तनू, एवढं आयुष्यभर लक्षात ठेव. विश्वाच्या प्रारंभापासून उष्णता ही गरम वस्तूकडून थंड वस्तूकडेच गेलेली आहे. तुझ्या वडिलांनी लीड्समध्ये कितीही आधुनिक यंत्र बसवलं म्हणून ती आपला मार्ग बदलणार नाही. छत्तीस वर्षं वीज खात्यात काढली आहेत तुझ्या आजोबांनी. मला हे कोणी शिकवू नये.

तनू : आजोबा, तुमचा कानटोपी फिरलाय, डोळ्यावर आलाय. तुम्ही हे सगळं फ्रीजला सांगताय. मी इकडे आहे.

मुरलीधर : फ्रीजलाही कळलेलं बरं.

तनू : फ्रीजला ऑलरेडी माहीत आहे! हात द्या. इथे मागे लावा. गरम आहे ना? आत थंड, मागे गरम. तो आतला हीट काढून मागे फेकतो. आपला हीट पंप सेम आहे, फक्त उलटा. बाहेरच्या हवेतला हीट काढून घरात टाकतो.

मुरलीधर : बाहेर उणे सहा आहे.

तनू : मायनस सिक्समध्ये पण हीट असतो, आजोबा. हीट संपतो मायनस टू सेव्हन्टी थ्रीला. आम्हाला फिजिक्समध्ये होता.

मुरलीधर : म्हणजे त्या मानाने आज लीड्समध्ये उकडतंय.

तनू : येस! एक्झॅक्टली!

मुरलीधर : आणि विनयने चार महिने अभ्यास करून आपल्या सगळ्यांना फ्रीजच्या मागे राहायला आणलंय.

तनू : हो. बट इन अ गुड वे.

निवेदिता : तनू, शाळेला स्नोची सुट्टी दिली ती आजोबांना फ्रीजमागे उभं करायला नाही. बाबा, या इकडे, खुर्चीत बसा. तीन स्वेटर ठीक आहे, पण वरती विनयचा रेनकोट का घातलाय?

मुरलीधर : वारा अडवतो.

निवेदिता : घरात वारा?

मुरलीधर : आहे. तू सारखी फोनवर मीटिंगमध्ये असतेस, तुला जाणवत नाही.

निवेदिता : चौदा. परवा सोळा होतं, काल पंधरा. मला कळतच नाही. मशीन नवं, इन्सुलेशन नवं, आणि थंडी वाढली की हे घर माघार घेतं.

मुरलीधर : मला अजिबात थंडी वाजत नाहीये. काल भावाला, शशिधरला फोन केला होता. पुण्यात पहाटे बारा होतं. म्हणजे मला पुण्याला पाठवून तू माझे दोन अंश कमीच करणार आहेस.

निवेदिता : पुण्यात दुपारी एकोणतीस होतं, बाबा. आणि डॉक्टर काय म्हणाली ते तुम्हीही ऐकलंत. ही छाती घेऊन अठराच्या खालच्या घरात राहायचं नाही. शनिवारचं तिकीट मी हौसेने नाही काढलं.

मुरलीधर : तिथे घरात आहे कोण?

निवेदिता : शशिधरकाका दोन्ही वेळचा डबा देणार आहेत.

मुरलीधर : डबा देईल तो. डब्याशी बोलायचं काय, ते मात्र माझं मला शोधावं लागेल.

तनू : आई, नको ना पाठवू. आजोबा गेला की मला कोण स्टोरी सांगणार?

निवेदिता : ‘गेले की’, तनू. आणि फक्त मार्चपर्यंत.

मुरलीधर : बहात्तराव्या वर्षी माणूस ‘मार्चमध्ये परत येतो’ म्हणाला, की व्हिसावाला आधी त्याच्याकडे बघतो आणि मग कॅलेंडरकडे.

निवेदिता : असं बोलू नका हो. विनय तिकडे ब्रिस्टलला अडकलाय, रस्ते बंद आहेत, आणि मी इथे एकटी या मशीनशी आणि तुमच्या खोकल्याशी झगडतेय. थांबा, कंपनीचा डेरेक फोन करणार होता. हा बघा, आलाच. हॅलो, डेरेक? हो, अजूनही चौदाच... हो, रेडिएटर कोमट आहेत. कोमटच असायला हवेत ना? ओके, तेवढं मला समजलंय... तनू, भिंतीवरच्या त्या पॅनेलवर जा. मेनूमध्ये फॉल्ट हिस्टरी आहे म्हणतोय. वाच.

तनू : खूप आहेत! सगळे सेम. ‘आउटडोअर युनिट, नो सप्लाय.’ एक, दोन, तीन... आई, चौतीस आहेत.

निवेदिता : चौतीस? डेरेक, थर्टी-फोर. म्हणजे काय त्याचं? ...बाबा, तो विचारतोय, आपल्या भागात वीज जाते का.

मुरलीधर : वीज? लीड्समध्ये?

निवेदिता : मीही तेच विचारलं. तो म्हणतो, घरातल्या पॅनेलला वीज मिळतेय, पण बाहेरच्या मशीनची सारखी जाते.

तनू : मायक्रोवेव्हचा क्लॉक पण ब्लिंक नाही करत. आणि समोरच्यांचे क्रिसमस लाइट्स कायम चालू. फक्त आपला मशीन बंद पडतो?

मुरलीधर : कोल्हा असेल.

निवेदिता : काय?

मुरलीधर : कोल्हा. मागच्या कुंपणापाशी मी स्वतः पाहिलाय. आमच्याकडे एका सबस्टेशनमध्ये घूस शिरली होती. प्राणी कुठे शिरेल सांगता येत नाही.

निवेदिता : डेरेक, माझे सासरे म्हणताहेत, फॉक्स असू शकेल... हसतोय. वेळा वाच म्हणतोय, तनू.

तनू : लास्ट वीकचा मंडे, सकाळी टेन ते ट्वेल्व्ह. मग दुपारी थ्री ते फाइव्ह. ट्यूजडे, टेन ते ट्वेल्व्ह, थ्री ते फाइव्ह. वेन्सडे, टेन ते वन, थ्री ते सिक्स. थर्सडे पण टेन ते वन, आणि थ्री ते सिक्स. आई, हा कोल्हा खूप पंक्चुअल आहे.

निवेदिता : रविवारी?

तनू : संडेला काही नाही.

निवेदिता : बाबा, हा कोल्हा रविवारी सुट्टी घेतो.

मुरलीधर : प्राण्यांनाही निसर्गचक्र असतं.

निवेदिता : आणि आठवडाभरात त्याने वेळ दोन तासांवरून तीन तासांवर नेली. मला खरंच काही सुधरत नाहीये. मशीनमध्ये टायमर आहे का, डेरेक? ...नाही म्हणतोय. बाहेर मशीनशेजारच्या भिंतीवर एक लाल बटण आहे म्हणे, फिरवायचं. फक्त दुरुस्तीच्या वेळी मशीनची वीज तोडायला. ते कोणी फिरवतंय का बघा म्हणतोय.

तनू : मी बघते खिडकीतून. स्नोमध्ये फूटप्रिंट्स आहेत. किचनच्या दारापासून मशीनपर्यंत. आणि परत. आणि परत जातात. आणि परत येतात.

निवेदिता : कोल्ह्याचे?

तनू : कोल्हा सँडल नाही घालत, आई.

निवेदिता : बाबा.

मुरलीधर : हं.

निवेदिता : तो रेनकोट पाठीमागून ओला आहे.

मुरलीधर : आज सकाळचं अजून झालेलं नाही. पावणेदहाच वाजलेत. हा कालचा ओलावा.

निवेदिता : बाबा!

मुरलीधर : ओरडू नकोस, डेरेक ऐकतोय. त्याला म्हणावं, अनधिकृत काही झालेलं नाही. भारनियमन होतं. वेळापत्रक केलेलं आहे, माझ्या पाकिटात आहे, सही करून.

तनू : भारनियमन म्हणजे काय?

निवेदिता : लोडशेडिंग. आजोबांनी आपल्या हीट पंपाला लोडशेडिंग लावलं. लीड्समध्ये. डिसेंबरमध्ये.

मुरलीधर : ते यंत्र थांबतच नव्हतं, निवेदिता! सव्वीस दिवस मी पाहतोय. पहाटे चालू, दुपारी चालू. अंगावर बर्फ धरलेला. आणि एक दिवस काय झालं? पंखा थांबला आणि त्याच्या अंगातून वाफा निघायला लागल्या. पांढऱ्याशुभ्र, भसाभस. माझ्या हयातीत एक ट्रान्सफॉर्मर असाच वाफाळला होता. त्यानंतर तीन तालुके नऊ दिवस अंधारात होते.

तनू : आजोबा, तो डीफ्रॉस्ट आहे! तो स्वतःचा आइस स्वतः मेल्ट करतो. पाच मिनिटं. मग परत सुरू.

मुरलीधर : हे मला कोणी सांगितलं नाही.

निवेदिता : विनयने सांगितलं होतं, तासभर.

मुरलीधर : तासभर सांगितलं. त्यात हेही कुठेतरी आलं असेल.

निवेदिता : पण मग घर गार पडतंय हे तुम्हाला दिसत नव्हतं?

मुरलीधर : दिसत होतं ना. घर गार पडलं, म्हणजे यंत्र थकलं. म्हणून विश्रांती दिली.

निवेदिता : त्यामुळे घर आणखी गार पडलं.

मुरलीधर : बरोबर. म्हणजे यंत्र आणखी थकलं. म्हणून विश्रांती वाढवली. यात कुठेही शास्त्र सोडून काही नाही.

तनू : ओ माय गॉड, हा तर लूप आहे.

निवेदिता : बाबा, हे गॅसचं बॉयलर नाही, तासाभरात घर तापवायला. हे हळूहळू, दिवसभर थोडं थोडं तापवतं. थंडी वाढली की त्याला जास्तच वेळ चालावं लागतं. गार पडलेल्या भिंती परत तापायला दोन-दोन दिवस जातात. आणि तुम्ही रोज पाच-सहा तास बंद करत होतात, तेही उणे सहात, बाहेर चालत जाऊन. या छातीने! दिवसातून दोनदा!

मुरलीधर : चारदा. दोनदा बंद आणि दोनदा चालू. चालू करायला मी कधीही उशीर केला नाही. ते नियमात बसत नाही.

निवेदिता : पण कशासाठी? मला एकदा विचारायचं तरी.

मुरलीधर : विनयने हौसेने आणलंय. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीला तो चंद्रशेखर विनयला सगळ्यांसमोर काय म्हणाला, तू होतीस ना? ‘हिवाळा येऊ दे, मग बघू तुझा पंखा.’ ते जळलं असतं तर पोराला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आणि घर गार पडलं की तू मला विमानात बसवणार, हेही कळत होतं मला. म्हणजे यंत्र वाचलं तर मी वाचतो. तेवढं एकच काम होतं मला या घरात. दिवे आपले आपण लागतात, भांडी आपली आपण धुतली जातात, पडद्यालासुद्धा रिमोट आहे.

निवेदिता : अहो बाबा!

तनू : आई, तू रडतेस की हसतेस?

निवेदिता : मला माहीत नाही. डेरेक, सॉरी, आहात का लाइनवर? ...तो विचारतोय, फॉल्ट कशामुळे म्हणून लिहू.

मुरलीधर : लिही म्हणावं, नियोजित देखभाल.

निवेदिता : प्लॅन्ड मेंटेनन्स, डेरेक... हो, फ्रॉम इंडिया... थँक यू. तो म्हणतो, मशीन ठणठणीत आहे. हात लावू नका, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत अठरा होईल.

मुरलीधर : आणि नाही झालं तर?

निवेदिता : तर मशीन जाईल, बाबा. तुम्ही इथेच राहाल. मी आत्ताच ट्रॅव्हलवाल्याला फोन करते आणि तिकीट रद्द करते. शुक्रवारपर्यंत तुमच्या खोलीत इलेक्ट्रिक हीटर लावू.

तनू : येस!

निवेदिता : पण एक अट आहे. ते लाल बटण आजपासून बंद. म्हणजे चालू. म्हणजे त्याला कोणी हात लावायचा नाही.

मुरलीधर : मान्य. लेखी देऊ?

निवेदिता : तोंडी पुरे. आणखी काही हवंय का तुम्हाला?

मुरलीधर : घरातलं एखादं बटण माझ्याकडे राहू दे. लहानसं असलं तरी चालेल.