भैय्यालालच्या तक्त्यावरचे नऊ

विजया मॅडमच्या निरोपाच्या या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या नर्सिंग कॉलेजचे संचालक माननीय भार्गव सर, व्यासपीठावर शाली सांभाळत बसलेले मान्यवर, आणि पुरानी बस्तीपासून नवा रायपूरपर्यंत सगळीकडून वेळ काढून आलेल्या बंधू-भगिनींनो,

मी यशदीप. तिसरं वर्ष अर्ध्यावर सोडलेला. अशा पोट्ट्याला इथं काहून बोलावलं? विजया मॅडमनी स्वतः नाव दिलं. व्यासपीठाचा त्यात काही दोष नाही.

आत्ताच सरांनी मॅडमना ‘करुणामूर्ती’ म्हटलं. एकतीस वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात शिकवणाऱ्या बाईबद्दल एवढंच सापडलं? मूर्ती सोयीची असते, सर, उलटून बोलत नाही. मॅडम बोलायच्या. आधी पेशंटला विचारायचं, आज दुखण्यानं काय करता आलं नाही. मगच तक्त्यावर दुखण्याचा दहापैकी आकडा मांडायचा. न विचारता मांडला, तर वॉर्डाबाहेर.

मार्चमध्ये तपासणीची टीम येणार होती. सरांचा निरोप आला, तक्ते शांत दिसले पाहिजेत. सकाळच्या पाळीतल्या शहाण्यांनी सगळ्यांचं दुखणं दोन लिहून टाकलं. दुपारच्या पाळीला माझ्या वर्गातली पायल आली. तोंडाचा कॅन्सर असलेल्या भैय्यालालना तिनं विचारलं. ते म्हणाले, “पानी घलो लीले नइ सकंव, दीदी.” पाणीसुद्धा गिळवत नव्हतं. तिनं दोन खोडून नऊ लिहिले, तेव्हा कुठं डॉक्टरांनी मॉर्फिन वाढवलं.

सरांनी काय केलं? ‘नोंदीत खाडाखोड’ म्हणून पायलचा परीक्षेचा फॉर्म अडवला. आज शेवटची तारीख आहे.

मी रागानं कॉलेज सोडलं. मले वाटलं, लय मोठं काम केलं. मॅडम घरी आल्या, चहाही घेतला नाही. म्हणाल्या, “तिच्यासाठी कॉलेज सोडलं, अन् खरं सांगाले काहून भेऊन राहिला?”

तर खरं असं आहे, सर. तो दोनचा आकडा माझा होता, मॅडमनी अक्षर ओळखलं होतं. भैय्यालालच्या खाटेजवळ मी गेलोसुद्धा नव्हतो. पाच तास त्या माणसानं माझा आळस सोसला. सही करून लिहून आणलंय, तुमच्या पुष्पगुच्छाशेजारी ठेवतो. खोटी नोंद कोणाची, ते आता सभेनं ऐकलं.

पायल तिसऱ्या रांगेतून म्हणून राहिली, “बस हो गया, यश, नीचे आओ.” चार महिन्यांत पहिल्यांदा बोलली. उतरतो.

मॅडम, तुम्ही मले माईकपर्यंत आणलं, त्याचे आभार. भैय्यालाल आता नाहीत. त्यांच्या मुलीनं, कमलाताईंनी, जमलं तर मले माफ करावं. व्यासपीठाकडून माफी नको. पायलच्या फॉर्मवर सही पाहिजे.