खालचा आकडा

दवाखान्यात नंबर लागायला अवकाश होता. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे कान समोरच्या बाकाकडे लागले होते. तिथे जीवशास्त्राचे एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको मास्तरांच्या वजनाचा तक्ता उघडून बसले होते.

“महिनाभर रोज बावन्न किलो?” मास्तरांनी विचारलं.

“काट्यावर दिसलं तेच लिहिलं.”

“काल नवा चष्मा आला. आज काटा मीच वाचला. सत्तेचाळीस.”

“तुम्ही कशाला वाचलात?”

“अगं, औषध लागू पडतंय असं डॉक्टर या तक्त्यावरूनच म्हणतात ना?”

“बावन्न ऐकलंत की चार घास जास्त जात होते तुम्हाला.”

“जात होते खरे.”

“मग काय करायला हवं होतं मी?”

“आठवीतल्या एका मुलीचं असंच झालं होतं. अंधारात ठेवलेलं वाटाण्याचं रोप पिवळं पडलं, आणि तिने वहीत हिरवं लिहिलं. फार जीव होता तिचा त्या रोपावर.”

“रागावलात तिला?”

“नाही. दुरुस्त करायला लावलं. खरी वजनं आठवतात तुला?”

“एकूण एक.”

“मग लिही.”

“नव्या कागदावर लिहिते. हा फाडून टाकू.”

“फाडायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एकच रेघ मारायची आणि त्याच्या वर खरा लिहायचा. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.”

“म्हणजे मी खोटं लिहिलं ते डॉक्टरांना दिसू दे?”

शिवणकामवाल्या बाईंनी न मागताच आपलं पेन पुढे केलं.

“डॉक्टर वरचा बघतील,” मास्तर बायकोला म्हणाले. “खालचा मला हवाय.”