कोपऱ्यातला कच्चा टाका

नाही, नाही, कोट काढ आधी. अंगावर असताना मी बटण लावत नाही — सुई टोचली की तू ओरडणार, आणि माझं बोलणं राहून जाणार. दे इकडे. अगं, एका धाग्यावर लोंबतंय हे, रस्त्यात पडलं असतं तर वाकून वाकून शोधत बसली असतीस. बस त्या स्टुलावर, कात्री सरकव बाजूला. हां — रविवारी अकरा वाजता, माझ्या दुकानात, ऐकलं मी. कविमंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून गावभर कविता वाचायच्या — पोस्टात, बेकरीत, दवाखान्यात लोक नंबर लावून बसतात तिथे, आणि इथे, माझ्या मशीनशेजारी. कल्पना तुझीच ना? वाटलंच मला. जुन्या मंडळींना हॉल आणि भाषणं यापलीकडे काही सुचलं असतं तर मी नाव बदलून ठेवलं असतं. तू ग्रंथालयात आलीस आणि वर्षभरात मंडळात जरा जीव आला, हे मी तुला तोंडावर सांगते. पुस्तक ठेव तिथे, इस्त्रीपासून लांब. नको, उघडून दाखवू नकोस. कुठलं पान ते मला माहीत आहे. एकसष्ट.

परवा बेकरीवाली घेऊन आली होती ना. 'काय लिहिलंय गं तुझ्या दादानं आईवर! आई जायला टेकलीय, हा एकटा तिच्या उशाशी, आणि ती आपली दुसऱ्याची वाट बघतेय — दार लोटून ठेव, येईल, म्हणते — रडले बाई मी पाव भाजता भाजता.' आणि मग माझ्याकडे बघितलं. वाईट नाही ती, मनानं चांगली आहे, आई गेली तेव्हा ती या गावात आलेलीही नव्हती, पण बघितलं, आणि हळूच विचारलं, 'तू तेव्हा बाहेरगावी होतीस का गं?' माझ्या तोंडात टाचण्या होत्या, चार, म्हणून बोलता आलं नाही. तूही मघाशी तेच विचारलंस — हो, विचारलंस, 'ही कविता वाचायला तुम्हाला जड नाही ना जाणार' म्हणजे दुसरं काय? आम्ही भावंडं दोनच, हे अख्ख्या गावाला ठाऊक. कवितेत एक जण उशाशी आहे आणि एक आलेलं नाही. खाली दादाचं नाव छापलंय. मग न आलेलं कोण उरलं? मी उरले. आणि रविवारी मीच उभं राहायचं, माझ्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आणि माझ्याच तोंडानं वाचायचं की आईला मरताना मी दिसले नाही.

अगं, मी होते तिथे! नऊ महिने होते. तिची कूस मी बदलायचे, तिचं तोंड मी पुसायचे, मशीन उचलून तिच्या खोलीत नेलं होतं मी, मशीनच्या आवाजानं तिला झोप लागायची म्हणून. ती कविता माझी आहे. — असं बघू नकोस. माझी आहे. ती एकच कशाला, दादाच्या नावावर ज्या तेवीस आहेत ना पुस्तकात, त्या तेवीसच्या तेवीस माझ्या आहेत. ती काजांवरची, जी तुला फार आवडते म्हणालीस — 'पुरुषाला काजं-बटणांतलं इतकं बारीक कसं कळतं' — कसं कळणार? त्याला आयुष्यात सुईत दोरा ओवता आलेला नाही. शर्टाचं बटण तुटलं की शर्ट घेऊन इकडे यायचा.

थांब, घाई काय आहे, चार भोकांचं बटण आहे. पेटीचं सांगते, म्हणजे कळेल तुला. ज्या पोस्टमास्तरांनी मंडळ काढलं, त्यांनी एक जुनी टपालपेटी आणून ठेवली आणि नियम घातला — कविता मंडळाच्याच टाइपरायटरवर टाइप करायची, अक्षर ओळखू यायला नको, खाली नाव घालायचं नाही, आणि पेटीत टाकायची. महिन्याच्या बैठकीला एकेकानं उठायचं, पेटीत हात घालायचा, जी लागेल ती काढून वाचायची. आपलीच निघाली तरी चेहऱ्यावर काही न दाखवता वाचायची. आणि कोणाची म्हणून विचारायचं नाही, कध्धी नाही. फार चांगला नियम होता गं. मान नाही, अपमान नाही. नवरा-बायको समोरासमोर बसून एकमेकांच्या तक्रारी ऐकायचे आणि दोघंही मान डोलवायचे. पन्नास वर्षं सगळ्यांनी पाळला तो नियम. म्हणजे — सगळ्यांनी म्हणजे — मी नाही पाळला. आता बोलतेच आहे तर ऐक. मी माझ्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक कच्चा टाका घालायचे. पक्की शिवण मारण्याआधी कापड नुसतं धरून ठेवायला घालतात ना, दोरा ओढला की निघून येतो, तसला. दादाच्या बोटांना लागावा म्हणून. तो पेटीत हात घालायचा, जरासा चाचपायचा, आणि माझा कागद वर यायचा. दोरा ओढून खिशात, की कोणाला काही पत्ता नाही. मंडळाच्या कपाटातले कागद तूच लावलेस ना? मग कोपऱ्यातली दोन-दोन भोकं पाहिली असशील. काय वाटलं, स्टेपलर? हो, सगळ्यांना तेच वाटणार.

लबाडीच होती, नाही कुठे म्हणते. पण तू त्याचा आवाज ऐकलायस. पस्तीस वर्षं बसस्थानकावर गाड्या पुकारल्या त्यानं, लोक गाडी सुटली तरी आवाज ऐकत उभे राहायचे. आणि मी वाचायला उभी राहिले की कागद असा फडफडतो, जणू खिडकी उघडी आहे. मग मी लिहायलाच लागले त्याच्या आवाजात. श्वास त्याचा जिथे संपतो तिथे माझी ओळ संपायची. लोक डोळे पुसायचे, आणि मी मागच्या बाकावर बसून त्यांचे कोट बघत बसायचे, कोणाचा शिवणीत उसवलाय ते. मला बरं वाटायचं. खरंच बरं वाटायचं. नाव नव्हतं हवं मला.

आणि तेच नडलं. गेल्या हिवाळ्यात तुम्ही ठरवलंत की आता पन्नाशीला पुस्तक काढायचं आणि नावं छापायची, ज्यानं त्यानं येऊन आपापल्या ओळखायच्या. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच आठवड्यात, पट्टी बांधून पडलेले. दादा सूप घेऊन आला. म्हणाला, 'तू कशाला उठतेस, मी दोघांचं सांगून येतो.' मी म्हटलं, जा. तो दारापर्यंत गेला, थांबला. म्हणाला, 'म्हणजे, कुठल्या कुणाच्या, ते मी बघतो.' आणि मी — आता मला कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन, पण तुला सांगते — मी म्हटलं, 'कुणाचं का नाव असेना.' असं म्हणतो ना गं आपण? समोरच्यानं 'छे, असं कसं' म्हणावं म्हणून म्हणतो! त्यानं 'बरं' म्हटलं. पट्टीमुळे मला त्याचं तोंड दिसलं नाही. पुस्तक आलं तेव्हा बघते तर तेवीस त्याच्या आणि दोन माझ्या. कुठल्या दोन, बघितलंस? 'हे गिरिशिखरा' आणि 'हे सागरा'. त्या त्याच्या आहेत! आयुष्यात दोनच लिहिल्या बिचाऱ्यानं, त्याही माझ्या पदरात टाकल्या. हस, हस, मीही हसले होते. बावीस कवितांपर्यंत हसले मी. म्हटलं घे, तुझ्याच आवाजाच्या आहेत, सख्ख्या भावाशी काय वाटणी घालायची. पण एकसष्टावं पान उघडलं, आणि हसू तिथेच गेलं.

कारण ती त्याच्यासाठी लिहिलेली होती. गावासाठी नाही, मंडळासाठी नाही, त्याच्यासाठी. आई गेली त्या दिवशी तो दोन तासांवर होता, दुसऱ्या गावी, काव्यवाचनाला. मी दुपारी एकला फोन केला, म्हटलं, निघ. म्हणाला, 'कार्यक्रम तीनला आहे, आटोपला की लगेच निघतो.' साडेचारला आई गेली. तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला, आदल्या दिवशी स्टेजवर मिळालेला गुच्छ घेऊन, आणि तोच आईच्या पायाशी ठेवला. आणि तिथे वाचलं काय होतं? माझी काजांवरची. असू दे. तीन महिन्यांनी ती कविता लिहिली, कोपऱ्यात टाका घातला, पेटीत टाकली. त्यानं काढली. वाचायला लागला, आणि त्या ओळीवर आला — 'दार लोटून ठेव, येईल' — आणि त्याचा आवाज बसला. पस्तीस वर्षं ज्याचा आवाज कधी अडकला नाही, त्याचा. घरी जाताना त्यानं माझा दंड धरला आणि म्हणाला, 'माझी वाट बघत होती ना गं ती?' मी म्हटलं, हो. एवढंच. त्यालाच मी माफी समजले. अकरा वर्षं, बाई, मी त्याच्या त्या बसलेल्या आवाजावर काढली. म्हटलं, सगळ्या जगानं नाही ओळखलं तरी एकाला माहीत आहे मी तिथे होते. आणि त्या एकानंच मला तिथून उठवलं आणि स्वतः बसला. परक्यानं केलं असतं तर मी भांडले असते. ह्यानं केसानं गळा कापला. कोणाकडे जाऊ?

काय म्हणालीस? — परत सांग. दादांनीच सुचवलं? हे दुकान, ही कविता? — मला वाटलं होतं... नाही, क्षणभर वाटलं मला, की बोलायची संधी देतोय, की लाज वाटलीय त्याला. पुढे काय म्हणाला? 'तिला जमणार नाही, कागद हलतो तिचा, मीच वाचेन, ती नुसती शेजारी बसू दे.' असं म्हणाला? अस्सं. आणि तू मघाशी 'तुम्ही वाचा' म्हणालीस ते तुझ्या मनचं. चांगली आहेस तू. म्हणजे तो माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या आईचं मरण, माझ्या शेजारी बसून मलाच ऐकवणार. आणि सगळे माझ्याकडे बघणार.

मग ऐक तू आता. आई तसं बोललीच नव्हती. 'दार लोटून ठेव' — ती ओळ मी घातली. आई पूर्ण शुद्धीत होती, चार वाजता माझा हात धरला आणि म्हणाली, 'कडी लाव. तो काही यायचा नाही आता.' आणि मी उठून कडी लावली. हे ऐकलं असतं तर दादा उभा राहिला नसता, मला माहीत होतं, म्हणून बदललं मी. सगळी कविता खरी आहे, तेवढी एक ओळ खोटी. त्या खोलीत जो होता, त्याला ती वाचता वाचता ठेच लागली असती. त्याला नाही लागली. अकरा वर्षं गावोगावच्या कार्यक्रमांत मान खाली घालून वाचतोय, रडतोय, आणि आता सही केली तिच्याखाली. तू जा आणि त्याला विचार — आई नक्की काय म्हणाली ते विचार — चारचौघांत विचार त्याला —

नको. थांब. विचारू नकोस. काही सांगायचं नाही त्याला, ऐकलंस? सत्तरीचा आहे तो. त्याच्याजवळ दुसरं काही नाहीये आईचं. — मला पाणी नको, मी ठीक आहे. कोट घे तुझा. वहीत लिहून घे, रविवारी दुकान बंद. कारण? कारण लिहू नकोस. जा बाळ. दार ओढून घे.