आबांचं ताट

बारामतीच्या त्वचारोग दवाखान्यात माधवी ओढणीखाली हात झाकून बसली होती. कळस गावचे गेणबा आणि त्यांची बायको द्वारकाबाई गेणबांची तपासणी आटोपून तिच्या शेजारी टेकले.

"कोपराच्या खपल्या सोडून डॉक्टर माझी नखंच बघत बसलं," गेणबा म्हणाले.

"नखांच्या खड्ड्यांवरनंच तर वळखलं, सोरायसिस. एकाचा दुसऱ्याला लागत न्हाय म्हणालं."

माधवीनं एक हात बाहेर काढला.

"म्हशीच्या नायट्याचं मलम लावलं, ते वायाच गेलं," गेणबा म्हणाले.

"म्हशीला आला की गुण."

"द्वारके, आबांची नखं अशीच व्हती."

"मामंजींची? व्हय."

"लागंल म्हणून बापाला बारा वर्सं गोठ्यात झोपवलं. ताट बी येगळं. कुठं हाय ते ताट?"

"दिवाळीत खपल्या दिसल्यापास्नं तुमी त्यातच जेवताय."

"मग आज तू बी माझ्यासंगट त्यातच जेव."

"जेवीन. आधी घासून घेते."