पाणी : पाहा द्रव

...आणि वर साहेब म्हणतात, 'शेवटची चार पानं तर करायचीत, त्यात काय एवढं!' त्यात काय एवढं? अहो, कपडे धुण्याच्या मशीनचं दोनशे पानी माहितीपुस्तक, त्याच्या मागे कुठला विषय कुठल्या पानावर याची सूची... तुम्हाला सांगतो, सूची करणं म्हणजे खायचं काम नाही!

तीन आठवडे खपलो! शब्द कसे एकेक भारदस्त! मशीन 'नाचतं' असं लिहायचं नाही, 'कंपन, अतिरिक्त' लिहायचं. वास मारतोय? छे, 'दुर्गंधी'! जेवताना घरी वाचून दाखवायचो. आमची ही म्हणायची, 'छान आहे हो, पण आधी जेवा.' कदर नाही! खायचं काम आहे का हे?

कंपनीनं खूश होऊन एक मशीन घरी दिलं, पुस्तकासकट. तिथेच घात झाला! तीन महिन्यांपूर्वी एका दुपारी ऑफिसात हिचा फोन. 'अहो, मशीनमधनं पाणी येतंय! घरभर झालंय!' आता आमच्या बरोब्बर खाली राहतात वकील. नुकताच छताला रंग दिलाय आणि जिन्यात मला तोंडावर सांगितलंय, 'एक डाग पडू दे, मग कोर्टात भेटू!' पण मी ऐटीत म्हणतो, 'घाबरू नकोस. मागची सूची उघड. गळती बघ.'

'गळती नाहीच आहे.'

असेल कशी? मीच काढली होती! बाजारू वाटला हो शब्द!

'बरं, पाणी बघ.' 'पाणी, पाहा द्रव.' 'मग द्रव बघ की!' 'द्रव, पाहा निचरा.' 'हां, निचरा! सापडलं!' 'निचरा, पाहा... पाणी.'

फोनमधनं नुसता खळखळाट. आणि ही ओरडतेय, 'अहो, पुस्तक तुम्हाला पाठ आहे ना? तोंडी सांगा!' तोंडी? पुस्तक लिहिलं इंजिनिअरनं! मी त्यातले शब्द टिपले होते, वाचलं कुठे होतं!

तेवढ्यात मागून सासूबाई, आमच्याकडेच राहायला आल्यात, 'सर गं बाजूला.' कर्रर्र... 'मागचा नळ बंद केला. एवढंच तर होतं!' पुस्तकाला हातही न लावता! वकिलांचं छत वाचलं, माझी अब्रू गेली.

संध्याकाळी मुकाट्यानं सासूबाईंसमोर बसलो. 'आई, तुम्ही सूचीत काय शोधाल?' म्हणाल्या, 'पाणी थांबत नाही, असं शोधेन. लिहा, जावईबापू.' लिहिलं. 'मशीन नाचतंय.' लिहिलं. मायलेकी खिदळतायत, मी लिहितोय! हिनं तर माझ्या हातातनं पेन घेतलं आणि शेवटी ठोकून दिलं, 'काहीच सापडत नसेल तर आईला फोन करा.' पुढे आमच्या घरचा नंबर! गंमत हो, निव्वळ गंमत! आणि मी ती प्रत तशीच नव्या आवृत्तीसाठी छापखान्यात पाठवली... तपासली नाही? तपासली ना! शब्द क्रमानं लागलेत का, तेवढं तपासलं! सांगितलं ना, खायचं काम नाही...

आता दिवसभर घरी फोन. 'आई आहेत का?' काल मीच उचलला. म्हटलं, 'बाहेर गेल्यात. पण ती सूची करणारा मीच. बोला ना, काय अडलंय?'

'अय्या, तुम्ही होय? मग राहू दे. आई आल्या की करते.'